सत्त्वदर्शन : भयकथेतील स्त्री आणि तिची प्रतीती

भरताच्या नाट्यशास्त्रात भय हा स्थायिभाव स्त्रिया आणि नीच प्रकृतीची पात्रे यांच्या ठिकाणी सांगितला आहे. भयानक रसाचे जे विभाव तेथे नोंदले आहेत, त्यांत विकृत आवाज, सत्त्वाचे दर्शन, कोल्हे व घुबडे यांचे ओरडणे, ओस पडलेले घर आणि अरण्य यांचा समावेश होतो. ही शतकानुशतके जुनी यादी आजच्या एखाद्या भयकथालेखकापुढे ठेवली तर त्याला तीत फारशी भर घालावी लागणार नाही. परंतु प्रस्तुत लेखाचा विषय ही यादी नाही. स्त्री भिते हे परंपरेने मान्य केले. मात्र ती ज्याला भिते ते खरोखरीच तेथे आहे काय, आणि असल्यास तिच्या सांगण्यावर कोणी विश्वास ठेवावा काय, हे प्रश्न परंपरेने विचारले नाहीत. आपल्या समीक्षेनेही ते विचारलेले नाहीत. भयकथेचा खरा विषय भय नसून विश्वास हा आहे, आणि हा विश्वास कोणाच्या प्रतीतीवर ठेवला जातो यावरून त्या कथेचे वाङ्मयीन मूल्य ठरवावे, असे मला येथे मांडावयाचे आहे.

'सत्त्वदर्शन' या शब्दाचा प्रथम विचार करू. नाट्यशास्त्राच्या संदर्भात सत्त्व म्हणजे पिशाच, श्वापद किंवा तत्सम भयकारी जीव. मराठीत मात्र सत्त्व म्हणजे व्यक्तीच्या अंतरंगातील कस. सत्त्वपरीक्षा हा शब्द आपण याच अर्थाने वापरतो. आपल्या कथापरंपरेतील स्त्रीची सत्त्वपरीक्षा नेहमी दुसऱ्याने घेतलेली असते आणि तिचा निकालही दुसऱ्यानेच द्यावयाचा असतो. समोर आलेल्या भयंकर जीवाला पाहताना स्त्रीला स्वतःच्या सत्त्वाचे दर्शन घडले, आणि या दर्शनाला कोणाच्याही शिक्कामोर्तबाची गरज भासली नाही, अशी भयकथा मराठीत किती आहे? माझ्या वाचनात ती फार थोडी आहे. तिच्या अभावाची कारणे शोधणे अगत्याचे वाटते.

मराठी भयकथेची घडण

आधुनिक मराठी भयकथेचा विचार नारायण धारप (१९२५-२००८) आणि रत्नाकर मतकरी (१९३८-२०२०) या दोन नावांवाचून होऊ शकत नाही. धारपांनी इंग्रजी भयसाहित्य मराठी वाड्यांत, चाळींत आणि लहान गावांत असे काही रुजवले की, 'लुचाई' आणि 'शपथ' या कादंबऱ्यांमागे स्टीफन किंगच्या कादंबऱ्या आहेत हे अनेक वाचकांना पुष्कळ उशिरा कळले. त्यांच्या 'आजी' या कथेचे बीज २०१८ मध्ये प्रदर्शित झालेल्या 'तुंबाड' या हिंदी चित्रपटापर्यंत पोहोचले. मतकरींनी 'भयकथा' या नावापेक्षा 'गूढकथा' हे नाव जवळचे मानले आणि भयाचा उगम माणसाच्या मनोव्यापारांत शोधला. १९७० मधील 'खेकडा' या संग्रहापासून त्यांच्या कथेची ही दिशा स्पष्ट दिसते.

या दोन प्रवाहांचे ऋण मान्य करूनही एक निरीक्षण नोंदवावे लागते. धारपांच्या समर्थ-कथांमध्ये अनिष्ट शक्तीने ग्रासलेली व्यक्ती समर्थांकडे येते. समर्थ तिची हकीकत ऐकतात, ती खरी आहे असे ठरवतात आणि मग त्या शक्तीचे निवारण करतात. पीडित व्यक्ती पुरुष असो वा स्त्री, तिच्या अनुभवाला सत्यत्व मिळते ते जाणत्याच्या मान्यतेमुळे. मनोविश्लेषणाच्या वाटेने जाणाऱ्या कथेत हे स्थान डॉक्टरांकडे किंवा वाचकाकडे जाते. अनुभव घेणाऱ्या व्यक्तीचे म्हणणे तेथे लक्षण म्हणून वाचले जाते. एका घडणीत स्त्री ही रक्षणीय ठरते, दुसरीत रुग्ण. साक्षीदार म्हणून मात्र ती दोन्हींत क्वचितच उभी राहते.

हा दोष केवळ मराठीचा नाही. पॅट्रिक हॅमिल्टनच्या १९३८ मधील 'गॅसलाइट' या नाटकातील पत्नीला घरातील दिव्यांची ज्योत मंदावताना दिसते, वरच्या मजल्यावर पावले वाजताना ऐकू येतात. तिचे मन ठिकाणावर नाही असे पती तिला पटवीत राहतो. तिचे डोळे आणि कान यांनी तिला एकदाही फसवलेले नसते. तरीही तिचा स्वतःवरील विश्वास परत येतो तो एका पोलीस अधिकाऱ्याने येऊन तिचे म्हणणे बरोबर असल्याचे सांगितल्यावर. या नाटकाच्या नावावरून इंग्रजीत एक क्रियापद रूढ झाले आणि २०२२ मध्ये एका प्रसिद्ध अमेरिकन शब्दकोशाने ते वर्षाचा शब्द म्हणून निवडले. ज्या नाटकाने या अन्यायाला नाव दिले, त्यानेही स्त्रीची सुटका परप्रत्ययावरच सोपवली, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे.

लोकसमजुतींची शिकवण

लिखित कथेच्या मागे लोकसमजुतींचे मोठे भांडार आहे. दुर्गाबाई भागवत आणि रा. चिं. ढेरे यांच्यासारख्या अभ्यासकांनी लोकपरंपरेकडे गांभीर्याने पाहण्याची दृष्टी आपल्याला दिली. त्या दृष्टीने आपल्या भुतांची नामावळी वाचली तर तीत एक सामाजिक व्यवस्थाच दिसून येते. वेताळ हा भुतांचा राजा. देवचार हा गावाचा राखणदार. ब्रह्मराक्षस हा मृत्यूनंतरही विद्वान. पुरुष भुतांना मरणोत्तर अधिकारपदे आहेत. स्त्री-भुतांची गोष्ट निराळी. अलवंतीण बाळंतपणात गेलेली; हडळ आणि जखीण यांच्याही मागे बहुधा अतृप्तीचीच कथा सांगितली जाते. जी जगताना बोलली नाही ती मेल्यावर त्रास देते, असा या समजुतींचा मथितार्थ आहे.

त्याहून महत्त्वाची आहे हाकामारी. रात्री दारावर ओळखीच्या आवाजात हाक येते. तिला ओ द्यावयाची नाही, दिली तर मरण ओढवते, अशी ही समजूत. अलीकडे हृषीकेश गुप्ते यांनी याच नावाचे पुस्तक लिहून तिला पुन्हा वाङ्मयात आणले. या समजुतीतील भय आवाजाच्या अनोळखीपणात नाही, ओळखीत आहे. आपल्या कानांनी दिलेली खूण खोटी असू शकते, हे ती लहान वयातच मनावर ठसवते. चकव्याचेही तसेच. पायाखालची रोजची वाट आपली राहत नाही आणि माणूस रात्रभर एकाच जागी फिरत राहतो. ज्ञानेंद्रियांवरील विश्वास डळमळीत करणाऱ्या या समजुती पुरुषालाही लागू आहेत, हे खरे. परंतु ज्या स्त्रीला दिवसाउजेडीही 'तुला काय कळते' असे ऐकावे लागते, तिच्या बाबतीत त्यांचा भार दुप्पट होतो.

फ्रेंच समीक्षक त्स्वेतान तोदोरोव्ह याने १९७० मध्ये अद्भुत साहित्याचे लक्षण सांगताना संभ्रमाला मध्यवर्ती स्थान दिले. जे घडते आहे ते नैसर्गिक की अतिनैसर्गिक, याविषयीची वाचकाची आणि पात्राची दोलायमान अवस्था हाच त्या साहित्यप्रकाराचा प्राण, असे त्याचे प्रतिपादन आहे. हे लक्षण उपयुक्त आहे, पण अपुरे आहे. संभ्रम हा वाचकाला आनंद देतो. ज्या व्यक्तीच्या शब्दावर कोणी विश्वास ठेवीत नाही तिला तो रोज भोगावा लागतो. संभ्रम कोणाचा आणि त्याची किंमत कोण मोजते, हे विचारल्याखेरीज तोदोरोव्हचे लक्षण आपल्याला पुरणारे नाही.

भूत आणि जीव

येथे एक भेद करणे आवश्यक आहे. भूतकथा आणि ज्या कथेत एखादा अनोळखी, भयंकर पण सदेह जीव अवतरतो ती कथा, या दोहोंना आपण एकाच खान्यात टाकतो. वस्तुतः त्यांचे ज्ञानव्यवहार वेगळे आहेत. भूत हे भूतकाळाचे असते. ते दिसले याला पाहणाऱ्याच्या शब्दाखेरीज पुरावा नसतो. जीवाला वजन असते. तो चिखलात ठसा सोडतो, त्याला वास असतो, तो काही खातो, त्याच्या येण्याजाण्याला वेळ असते. म्हणून जीवाच्या कथेतील स्त्रीला केवळ 'मला वाटले' असे म्हणून थांबावे लागत नाही. ती खुणा जमवू शकते, कालच्या खुणा आजच्यांशी ताडून पाहू शकते, अनुमान करू शकते. तिची प्रतीती ही तपासता येण्याजोगी प्रतीती असते. स्त्रीचा स्वतःवरील विश्वास हा ज्या कथेचा विषय आहे, तिला जीवाची कथा हा घाट भूतकथेपेक्षा अधिक अनुकूल आहे, तो यामुळे.

पाश्चात्त्य साहित्यातील दोन उदाहरणांनी हा भेद स्पष्ट होईल. शार्लट पर्किन्स गिलमन हिची 'द यलो वॉलपेपर' ही कथा १८९२ मध्ये प्रसिद्ध झाली. तीतील स्त्रीला तिचा डॉक्टर पती सक्तीची विश्रांती देतो, लिहिण्यास मनाई करतो; खोलीच्या भिंतीवरील कागदामागे तिला एक सरपटणारी स्त्री दिसू लागते. खुद्द गिलमनने असा उपचार भोगला होता. या कथेतील निवेदिकेपाशी तिच्या दर्शनाचा कोणताही बाह्य पुरावा नाही. म्हणून तिचा विश्वास आणि तिचे वेड ही दोन्ही अखेरीस एकरूप होतात. याउलट रेचेल इंगल्सची 'मिसेस कॅलिबन' ही १९८२ मधील लघुकादंबरी पाहावी. मुलाच्या मृत्यूने आणि पतीच्या दुराव्याने पोखरलेल्या डोरथी या गृहिणीला रेडिओतून केवळ आपल्यालाच उद्देशून कोणी बोलत असल्याचे ऐकू येते, आणि ती स्वतःच्या कानांविषयी साशंक असते. अशा मनःस्थितीत प्रयोगशाळेतून निसटलेला एक बेडकासारखा महाकाय जीव तिच्या स्वयंपाकघरात येतो. तो भाज्या खातो, बोलतो, तिच्या घरात राहतो. आपल्या मनाविषयी साशंक असलेल्या या स्त्रीपुढे इतके सघन अस्तित्व ठेवून लेखिकेने वाचकालाच पेचात टाकले आहे. डोरथीवर विश्वास ठेवण्याखेरीज ही कादंबरी वाचता येत नाही.

चित्रपटाच्या क्षेत्रातील 'एलियन' (१९७९) या प्रसिद्ध कलाकृतीचाही येथे उल्लेख करता येईल. परक्या जीवाने ग्रासलेल्या सहकाऱ्याला यानात घेऊ नये, विलगीकरणाचा नियम पाळावा, असे रिप्ली ही अधिकारी बजावते. तिचे म्हणणे डावलून दार उघडले जाते आणि पुढचा सर्व विनाश त्या एका अविश्वासातून घडतो. तेथील जीव भयंकर आहेच. परंतु दार उघडले गेले नसते तर कथाच घडली नसती, हे त्या चित्रपटाचे मर्म आहे.

विश्वासाचा सामाजिक प्रश्न

हा सारा विचार केवळ एका साहित्यप्रकारापुरता मर्यादित राहिला असता तर विभागीय नियतकालिकात त्याला जागा मागण्याचे धाडस मी केले नसते. स्त्रीच्या सांगण्यावर विश्वास ठेवण्याचा प्रश्न महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासात वारंवार उभा राहिला आहे. १९७२ मधील मथुरा प्रकरणात पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर झालेल्या अत्याचाराच्या आरोपातून सर्वोच्च न्यायालयाने आरोपी पोलिसांना निर्दोष सोडले. त्या निकालाविरुद्ध चार विधी-अध्यापकांनी १९७९ मध्ये खुले पत्र लिहिले. देशभर चळवळ झाली, आणि १९८३ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन कोठडीतील बलात्काराच्या खटल्यात संमती नव्हती या स्त्रीच्या कथनाच्या बाजूने गृहीतक धरण्याची तरतूद आली. स्त्रीच्या शब्दाला पुराव्याचे मोल मिळण्यासाठी एवढा मार्ग चालावा लागला.

मराठी चित्रपटाने हा प्रश्न भयकथेच्या घाटात एकदा समर्थपणे मांडला आहे. विशाल फुरिया यांच्या 'लपाछपी' (२०१७) मधील नेहा ही गर्भवती तरुणी पतीसह उसाच्या फडांनी वेढलेल्या एका घरात आश्रयाला येते. तिला मुले दिसतात, आवाज ऐकू येतात. घरातील माणसे तिच्या अनुभवाला गरोदरपणीच्या मनाचे खेळ ठरवू पाहतात. त्या शेतांत दडलेले रहस्य मुलींच्या हत्येचे आहे. महाराष्ट्राने गर्भलिंगनिदानावर नियंत्रण आणणारा कायदा देशात सर्वप्रथम, १९८८ मध्ये केला. तरी राज्यातील शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलग्यांमागे मुलींचे प्रमाण २००१ च्या जनगणनेत ९१३ होते, ते २०११ मध्ये ८९४ वर आले. उसाचा फड हे येथे केवळ नेपथ्य नाही. ज्या समृद्धीच्या आड मुली नाहीशा झाल्या, त्या समृद्धीचे ते पीक आहे. नेहाने पाहिलेले कोणीच मान्य करीत नाही, कारण ते मान्य करणे म्हणजे सर्वांनी स्वतःचा अपराध मान्य करणे होय. तिच्यावरील अविश्वास हा तेथे सोयीचा अविश्वास आहे.

दोन आक्षेप

या भूमिकेवर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, भयकथेला प्रतिष्ठा देणे म्हणजे अंधश्रद्धेला प्रतिष्ठा देणे. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी हत्या झाली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आला; अशा राज्यात हा आक्षेप हलक्याने घेता येणार नाही. परंतु वाङ्मयातील जीवाला कोणी शरण जाण्यास सांगत नाही. भगत किंवा मांत्रिक यांच्यापुढे स्त्रीने आपली प्रतीती गहाण टाकावी अशी अंधश्रद्धेची मागणी असते. मला अभिप्रेत असलेली कथा ती प्रतीती तिच्या हाती परत देते. किंबहुना निवारक महापुरुषाची अपेक्षा ज्या भयकथेत नाही, तीच विवेकाला अधिक जवळची आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. स्वतःच्या प्रतीतीवर विश्वास ठेवणे हे सद्गुण मानले, तर शेजारणीला डाकीण ठरवणाऱ्यांचे काय? त्यांचीही खात्रीच असते. नंदुरबारसारख्या आदिवासी भागांत अशा खात्रीपायी स्त्रियांचा छळ झालेला आहे, आणि एखादी व्यक्ती करणी करते असे सांगून तिचे जगणे मुश्कील करणे हा वरील कायद्याने गुन्हा ठरवला आहे. येथे खात्री आणि विश्वास यांतील अंतर ओळखले पाहिजे. खात्री पुरावा मागत नाही. तिला समूहाचे पाठबळ असते आणि ती दुसऱ्याला भोगावयास लावते. ज्या विश्वासाविषयी मी बोलतो आहे तो एकट्या व्यक्तीला समूहाच्या विरोधात कमवावा लागतो आणि तो पुन्हा पुन्हा खुणांशी ताडून पाहावा लागतो. जीवाच्या कथेतील स्त्री 'मी म्हणते म्हणून खरे' असे म्हणत नाही. 'मी पाहिले, पुन्हा पाहिले, आणि तुम्हीही येऊन पाहा' असे ती म्हणते. डाकीण ठरवणाऱ्या जमावाला नेमके हेच नको असते.

खाजणातील शक्यता

अशी कथा मराठीत कोठून येऊ शकेल? तिची भूमी दूर शोधण्याचे कारण नाही. मी राहतो त्या सानपाड्याचे उदाहरण देतो. १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे खाडीकाठच्या गावांभोवती नवे शहर उभे राहिले. आज सेक्टरांच्या इमारतींमध्ये जुने गावठाण टिकून आहे. खाडीच्या बाजूला तिवरांचा पट्टा आहे. बांध घालून भरतीचे पाणी अडवलेली खाजणे ही या किनाऱ्याची जुनी भूमी. ती धड जमीन नाही आणि धड पाणीही नाही. वर नाट्यशास्त्रातील ओसाड घराचा व अरण्याचा उल्लेख आला. त्यांच्या जोडीला आपल्या भयकथेने खाजण अजून पुरतेसे घेतलेले नाही.

माझ्या वर्गात आसपासच्या आगरी-कोळी गावठाणांतून विद्यार्थिनी येतात. त्यांच्या आज्या चिखलात उतरून चिंबोऱ्या आणि निवट्या पकडत असत. कोणत्या बिळात चिंबोरी आहे, कोणत्या चिखलात पाय रुतेल, अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी कोठवर चढेल आणि अष्टमीच्या सुमारास भांगाला किती मागे राहील, हे त्या तिथीवरून आणि तळपायाच्या स्पर्शावरून जाणत. हे ज्ञान कोणत्याही शाळेने दिलेले नाही आणि कोणत्याही जाणत्याने प्रमाणित केलेले नाही. चूक झाली तर शिक्षा तत्काळ मिळत असे. म्हणूनच ते ज्ञान भरवशाचे होते. ज्या स्त्रीच्या तळपायाला चिखलातील नेहमीचे बीळ आणि नवखे बीळ यांतील फरक कळतो, ती नवखे बीळ सापडल्यावर काय करील? तिचे म्हणणे घरात, ग्रामपंचायतीत किंवा बांधकामाच्या कचेरीत कोण ऐकेल? मला वाटते, मराठीतील एका समर्थ लघुकादंबरीची ही नांदी आहे. ती लिहिण्याचा अधिकार माझ्यापेक्षा त्या विद्यार्थिनींचा अधिक आहे.

लघुकादंबरी हा घाट मी जाणीवपूर्वक सुचवतो. कथेच्या आवाक्यात धक्का बसतो, पण विश्वासाची वाढ दाखवण्यास अवकाश मिळत नाही. मोठ्या कादंबरीत जीवाचे गूढ स्पष्टीकरणांत विरून जाते. स्त्रीच्या अंतर्विश्वाला वास्तव आणि भास यांच्या सीमेवर नेऊन उभे करण्यास हा घाट किती समर्थ आहे, हे कमल देसाई यांनी 'काळा सूर्य' आणि 'हॅट घालणारी बाई' या लघुकादंबऱ्यांतून दाखवून दिले आहे. त्या भयकथा नव्हेत; परंतु मराठी भयकथेला गुरुस्थानी मानता येतील अशा आहेत.

अखेरीस आपल्या अध्यापन-व्यवहाराविषयी एक मत मांडतो. काही वर्षांपूर्वी एका विद्यार्थिनीने भयकथेतील स्त्रीपात्रे हा विषय संशोधनासाठी सुचवला, तेव्हा 'विषय पुरेसा वाङ्मयीन नाही' असा शेरा तिला मिळाला. तिने विषय बदलला. दिवाळी अंकांतून, वाचनालयांतून आणि भाड्याने पुस्तके देणाऱ्या दुकानांतून पिढ्यान्‌पिढ्या वाचले गेलेले हे साहित्य रंजनवादी म्हणून बाजूला सारणे सोपे आहे. परंतु ज्या प्रश्नाला ते साहित्य स्पर्श करते तो प्रश्न रंजनाचा नाही. भयकथेचा अभ्यास करणाऱ्याने पुढील तीन गोष्टी प्रत्येक कथेत पाहाव्यात, असे सुचवावेसे वाटते : अनिष्ट प्रथम कोणाला जाणवते, ते खरे असल्याचा निर्वाळा कोण देतो, आणि या दोन क्षणांमध्ये कथेतील कोणाला काय सोसावे लागते. एवढ्या तीन प्रश्नांवरही एक चांगला प्रबंध उभा राहू शकेल. त्या विद्यार्थिनीला विषय वाङ्मयीन असल्याचे आपल्या वाचनावरून कळले होते, आणि तिचे म्हणणे बरोबर होते. यापुढे एखादी विद्यार्थिनी हा विषय घेऊन आली, तर तिचा आराखडा वाचण्यापूर्वी शेरा लिहिला जाऊ नये, एवढी अपेक्षा येथे नोंदवतो.